आबांची जीभ

आबांनी कुठल्याही पदार्थाला चांगला किंवा वाईट म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आंबा चोखून झाला की ते कोय ताटाच्या कडेला ठेवत, डोळे मिटत आणि थोड्या वेळाने म्हणत, "ह्यो अजून वाटेत आसा. परवा पोचतलो." सोलकढीचा घोट घेऊन म्हणत, "ह्या कढीत कोणतरी घाईत आसा." एका लग्नात म्हणे पंगत बसायच्या आधी आचाऱ्याने आमटीचा चमचा त्यांच्यापुढे धरला. सगळा मांडव गप्प. आबांनी आमटी जिभेवर घोळवली आणि सांगितलं, "हिच्यात रागावलेलो माणूस आसा." आचाऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. सकाळीच त्याचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं चुलीपाशी कडाक्याचं भांडण झालं होतं.

ही लग्नाची गोष्ट मला वेंगुर्ल्यात कितीतरी जणांनी सांगितली. कुणाच्या गोष्टीत आमटी होती, कुणाच्या गोष्टीत वडे, एकाच्या गोष्टीत तर नुसता भात. पण मांडवाच्या खांबाला टेकून डोळे मिटून बसलेले आबा सगळ्यांच्या गोष्टीत तेच होते.

साठ सालाच्या आगेमागे मी मिरजेहून वेंगुर्ल्याला आले, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला. आबांच्या घराची पडवीकडची खोली मला भाड्याने मिळाली. घर माडांच्या बागेत होतं. तिथून समुद्र दिसत नसे, पण ऐकू येई, आणि भरतीच्या वेळी असं वाटे की घरच कुणीतरी हळूहळू ओढत समुद्राकडे नेतं आहे. दुपारी झावळ्यांच्या सावल्या पडवीच्या भिंतीवर हलत राहायच्या. त्या घरातल्या दुपारी मला आजही एकेक वेगळी आठवत नाही. सगळ्या मिळून एकच लांबलचक दुपार आठवते, आणि तिच्यात आबा झोपाळ्यावर बसलेले असतात.

आबा कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, मांडीपर्यंत दुमडलेलं धोतर. मुलगा मुंबईला, मुलगी लग्न होऊन बेळगावला. घरात दोघंच, ते आणि काकू. पहिल्या दिवशी मी सामान ठेवून हातपाय धुतले आणि घागरीतलं पाणी प्यायले, तर आबा झोपाळ्यावरून म्हणाले, "बाई, तुमच्याकडचां पाणी जड. हयचां तुमका थोडे दिवस पातळ लागात. मगे सवय जातली." खरंच ते पाणी मला पातळ लागलं होतं. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं, तर ते डोळे मिटून झोके घेत होते.

जेवताना त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. कुणी बोललं की ते उजव्या हाताचा घास तसाच धरून डावा हात वर करत. तो हात खाली येईपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं. पूर्वी चैत्रात ते पितळेचा लोटा घेऊन गावातल्या विहिरी फिरत आणि कुठल्या विहिरीचं पाणी उतरायला लागलं आहे ते त्या त्या घरी जाऊन सांगत. कुणी विचारलेलं नसे. पण लोक ऐकून घेत आणि चहा देत.

त्यांची आणखी एक सवय होती. घरात, बाजारात, देवळात ते मालवणीच बोलत. पण कोर्टातली नोकरी अंगात मुरलेली. अडचणीत सापडले की एकदम शुद्ध मराठीत शिरत. एकदा काकूंनी बाजारातून आणायला सांगितलेलं हिंग ते विसरले. काकूंनी विचारल्यावर म्हणाले, "सदरहू बाब माझ्या स्मरणातून निसटली." काकूंनी तोंडाला पदर लावला. मलाही कळायला लागलं की आबा पुस्तकातलं बोलायला लागले म्हणजे पाणी कुठेतरी मुरतं आहे.

काकू त्यांच्या मानाने अगदी गप्प. ठेंगणी, गोरी, कपाळावर ठसठशीत कुंकू. दिवसभर त्यांचा आवाज ऐकू येत नसे, पण वाढताना मात्र त्या थोडं थोडं पुटपुटत. "आज वालीच्या भाजीक मीठ जरा ज्यास्त पडलां काय, कोण जाणा." नाहीतर, "ह्ये बांगडे तसे कालचेच म्हणूचे." आबा घास घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "मीठ पुढे धावता." किंवा, "बांगड्याक समुद्राची आठवण रवली नाय." मला वाटे, काकूंना स्वयंपाकाची धास्ती वाटते म्हणून त्या आधीच कबुली देऊन मोकळ्या होतात.

एका दुपारी काकू देवळात गेल्या होत्या आणि चहा मी केला. त्यांच्या फडताळात साखरेचा आणि बारीक मिठाचा असे दोन डबे अगदी सारखे. आबांना पेला देऊन मी माझा घेऊन पडवीच्या पायरीवर बसले. आबांनी सावकाश घोट घेतला. झोपाळा थांबवला. "ह्या चायत दुपार आसा बगा," म्हणाले आणि दुसरा घोट घेतला. मग मी प्यायले आणि तोंडातला चहा तसाच अंगणात थुंकला. चहात मीठ होतं, चांगलं चमचाभर. मी घाबरून वळून पाहिलं. आबा माडांच्या शेंड्यांकडे पाहत पेला संपवत होते.

तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं, माझा पेला उचलला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि मला खुणेने मागच्या विहिरीकडे बोलावलं. रहाटाचा आवाज होत राहावा म्हणून त्या पाणी शेंदत राहिल्या आणि तेवढ्या आवाजाच्या आडोशाने बोलल्या.

"साथीचो ताप इल्लो, चार वर्सां जाली, तेच्यात गेली ती जीभ. परत येवक नाय."

"म्हणजे काहीच चव कळत नाही?"

"ऊन कळता, थंड कळता. बाकी काय नाय. वासय नाय."

"मग ते सांगतात ते सगळं?"

"अंदाजान सांगतत. आणि मी वाढतानाक कायतरी बोलतंय ना, तेच्यार." काकूंनी कळशी काठावर टेकवली. "त्यांका वाटता, माका ठावक नाय. तुमी बोलू नकात हां बाई. त्यांची तितकीच एक वस्त रवली आसा."

त्या दिवसापासून जेवताना मला त्या दोघांकडे बघवत नसे, आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे. काकू वाढायच्या, पुटपुटायच्या. आबा डोळे मिटायचे आणि त्या पुटपुटण्यातून एक सुंदर वाक्य बाहेर काढायचे. काकू ते ऐकून मान डोलवायच्या, जणू त्यांना हे सुचलंच नव्हतं.

त्याच दिवसांत रेडीकडच्या खाणीतलं लोखंडाचा दगड जपानला जायला लागला होता. खाणीचे मॅनेजर मुंबईचे, बूट न काढता पडवीपर्यंत येणारे, पण मनाने मोकळे. ते एकदा जीप घेऊन आले. म्हणाले, दोन जपानी पाहुणे आले आहेत, आठवडाभर डाकबंगल्यात डब्यातलं खाऊन कंटाळलेत, त्यांना मासे आणि भात हवा आहे. शिवाय थोरल्या पाहुण्याने बरोबर आपल्या देशाची दारू आणली आहे, साके. तीन ठिकाणची तीन प्रकारची. "मी त्यांना सांगितलंय, आमच्याकडे एक असे गृहस्थ आहेत की आमटी चाखून आचाऱ्याचा मूड सांगतात. फार उत्सुक आहेत ते. तुम्ही चाखून सांगायचं, कुठली कशी."

मी काकूंकडे पाहिलं. काकू दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा एकदम उतरला.

आबा म्हणाले, "येवंदेत."

दारूबंदीचे दिवस होते. पण परदेशी पाहुण्यांजवळ परवाना होता, मॅनेजरांनी आपलाही करून घेतला होता, आणि डॉक्टरांच्या ओळखीने आबांनाही प्रकृतीसाठी म्हणून दाखला मिळाला. राहिली भाषा. मॅनेजरांना मालवणी कळत नव्हती, पाहुण्यांतल्या धाकट्याला इंग्रजी येत होतं, थोरल्याला जवळजवळ नव्हतं. तेव्हा आबांचं बोलणं इंग्रजीत सांगायला मी बसायचं ठरलं.

मॅनेजर गेल्यावर काकूंनी विचारलं, "कित्याक हो म्हटलास?"

"पावणे येतत," आबा म्हणाले. "पावण्यांका नाय कसां म्हणूचां?"

पुढचे दोन दिवस काकू गप्पच होत्या. त्यांचं पुटपुटणंही थांबलं. आबांनी त्या दोन दिवसांत कशावरच काही म्हटलं नाही.

पाहुणे आले ते उन्हं उतरताना. दोघांनी अंगणातच बूट काढून जोडीने नीट ठेवले, ते पाहून मॅनेजरांनीही पहिल्यांदाच बूट काढले. थोरला पाहुणा पन्नाशीचा असेल. केस बारीक कापलेले, चेहरा उन्हाने काळवंडलेला, होडीवरच्या एखाद्या तांडेलासारखा. तो झोपाळ्याकडे, माडांकडे, तुळशीकडे हळूहळू पाहत राहिला. मग पाटावर असा सहज मांडी घालून बसला की जन्मभर पाटावरच जेवला असावा. पँटमुळे गुडघे वळत नव्हते ते आमच्या मॅनेजरांचे.

साके कोमट करून घेतात. हे सांगायला थोरला पाहुणा उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याअलीकडे थांबला. बाटली दाखवली, मग चुलीवरची तपेली दाखवली, मग आपल्या अंगावर पाणी ओतून घेतल्यासारखे हात केले. काकू क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आंगोळीच्या पाण्याइतक्या ऊन. कळलां." पाहुण्याला त्यांची भाषा येत नव्हती, पण तो समाधानाने मान हलवून परत आला. तपेलीतल्या पाण्यात बाटली उभी राहिली आणि थोड्याच वेळात माजघरात एक वास तरंगत आला. भाताचा, पण भात शिजताना येतो तसा नव्हे. भात झोपेत असताना त्याला येत असेल तसा. आबांच्या घरात राहून मीही तसाच विचार करायला लागले होते.

केळीच्या पानावर तळलेली सुरमई होती, शिंपल्यांतल्या तिसऱ्या होत्या, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. तिसऱ्या पाहून दोघा पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि धाकटा हसून मला म्हणाला, ह्या आमच्याकडेही आहेत. मॅनेजरांनी त्यांना आंब्याचं सांगितलं, वाटेत असलेल्या. मी ते इंग्रजीत नीट करून सांगितलं, धाकट्याने जपानीत सांगितलं, आणि मुळात चार शब्दांचं ते वाक्य जपानीत बराच वेळ चाललं. थोरला पाहुणा लक्ष देऊन ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने आबांकडे पाहून मान लववली.

पहिली बाटली कोबे शहराजवळची. त्यांच्याकडे आपला पेला आपण भरत नाहीत. थोरल्याने दोन्ही हातांनी आबांच्या पेल्यात ओतली. पेला कसला, आपल्या पणतीएवढी वाटीच ती. आबांनी तो घोट जिभेवर धरला आणि डोळे मिटले. मॅनेजरांनी मला कोपराने खुणावलं. बाहेर माडांवर शेवटचं ऊन होतं.

"ऊन आसा," आबा म्हणाले. "छातीपर्यंत वाट दिसता."

ते खरंच होतं. ऊब त्यांना कळत होती. मी सांगितलं, धाकट्याने सांगितलं, थोरल्याने मांडीवर हात मारला आणि तो खूष झाला. मला जरा हायसं वाटलं.

दुसरी बाटली क्योटोची. धाकट्याने समजावून सांगितलं की पहिलीचं पाणी कठीण, म्हणून तिला त्यांच्याकडे पुरुषांची साके म्हणतात, आणि ह्या दुसरीचं पाणी मऊ, म्हणून ही बायकांची. मॅनेजर मोठ्याने हसले. आबांनी दुसरा पेलाही तसाच डोळे मिटून घेतला. पण ह्या वेळी थोरल्या पाहुण्याने दोन्ही पेले आबांपुढे शेजारी शेजारी ठेवले आणि काहीतरी विचारलं. प्रश्न जपानीतून इंग्रजीत, इंग्रजीतून माझ्यापर्यंत आला.

"आबा, ते विचारतायत, ह्या दोहोंतली माशाबरोबर कुठली घ्यावी?"

आबांनी एका पेल्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. मग ताठ बसले.

"दोन्ही उत्तम आहेत," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. उत्तम! मी तो शब्द इंग्रजीत सांगितला, मॅनेजरांनी टाळी वाजवली, धाकटाही हसला. थोरला पाहुणा मात्र नुसता बघत राहिला. त्याच्या तोंडावर नाराजी नव्हती. वाट बघणाऱ्या माणसासारखा तो बसला होता.

मग त्याने तिसरी बाटली काढली. तिच्यावर कागद नव्हता. ती एका निळ्या फडक्यात गुंडाळली होती आणि ते फडकं त्याने सावकाश सोडलं. सोडता सोडता तो बोलत होता, खाली मान घालून, आणि धाकट्याचं हसू हळूहळू मावळलं. तो मला सांगू लागला.

ही त्याच्या गावची. डोंगरातलं गाव, हिवाळ्यात छपरापर्यंत बर्फ चढतो. घरचा धंदाच हा, साके करण्याचा. वडील गेल्यावर दोघा भावांचं भांडण झालं, आणि हा घर सोडून शहरात येऊन नोकरीला लागला. त्याला फार वर्षं झाली. ह्या वेळी भारतात यायला निघाला तर भावाने स्टेशनवर माणसाबरोबर ही बाटली पाठवली. बरोबर निरोप नाही, काही नाही. वाटेत त्याने ती उघडली नाही. जीपमध्ये मॅनेजरांनी आमटीतल्या रागावलेल्या माणसाची गोष्ट सांगितली, तेव्हापासून त्याच्या मनात आहे.

"त्यांना विचारायचंय," मी आबांना म्हणाले, "की भाऊ अजून रागावलेला आहे का?"

थोरल्याने आबांचा पेला भरला आणि हात मांडीवर ठेवून बसला.

आबांनी पेला उचलला. तोंडाला लावला. ह्या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते समोरच्या माणसाकडे पाहत होते. घोट गिळून त्यांनी पेला खाली ठेवला आणि बराच वेळ त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मी मनात म्हणत होते, म्हणा, आबा, राग नाही म्हणा. एवढंच तर म्हणायचं आहे.

"प्रस्तुत बाबतीत..." आबांनी सुरुवात केली आणि थांबले. डावा हात वर केला, जेवताना करत तसा, पण सगळे आधीच गप्प होते.

"बाई, त्यांका सांगा," ते म्हणाले. "माका चव लागना नाय. ताप इल्लो तेवांपासून. आमटी नाय, आंबो नाय, ह्यां पण नाय. मी लोकांका उगीच सांगत ऱ्हवलंय. पण ह्यो माणूस आपल्या भावाचां विचारता. ह्येका मी उगीच कसां सांगू?"

मॅनेजर हसले. त्यांना शब्द कळले नव्हते, आबांची नवी गंमत वाटली असावी. आबा म्हणाले, "सांगा, बाई." मी सांगितलं. मॅनेजरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. धाकट्याने जपानीत अगदी हळू सांगितलं.

थोरला पाहुणा काही बोलायच्या आतच काकू बाहेर आल्या.

परक्या पुरुषांच्या पंगतीत काकू कधी येत नसत. वाढायलाही शेजारचा मुलगा होता. त्या ओल्या हातांनी सरळ आल्या आणि आबांच्या पाटाशेजारी खाली बसल्या.

"माका ठावक आसा," त्या म्हणाल्या.

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "काय?"

"जिभेचां."

"कदीपासून?"

"तुमी तापातना उठलास, तेवां काड्यात गूळ घालूक मी इसारलंय. तुमी प्यालास आणि म्हटलास, काडो वाटेक लागलो. तेवांपासून."

"आणि तू बोलूक नाय?"

"तुमी खंय बोललास?"

आबांचे कान लाल झाले होते. चार वर्षं दोघांनी एकाच घरात, एकाच चुलीपुढे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती. ती आता तीन परक्या माणसांपुढे आणि एका भाडेकरणीपुढे पानांच्या मधोमध पडली होती, आणि दोघांनाही ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

काकूंनीच आबांपुढचा तिसरा पेला उचलला. मॅनेजर घाईने म्हणाले, "अहो, वहिनींना परवाना नाही."

"भाताचां पाणी तां," काकू म्हणाल्या. "पेजेक खंयचो परवानो?"

आधी त्यांनी पहिल्या पेल्यात उरलेला थेंब चाखला, मग दुसऱ्यातला. मग तिसरा घोट घेतला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. त्या माझ्याकडे पाहून बोलायला लागल्या, कारण पाहुण्याकडे पाहून बोलायची त्यांना लाज वाटत होती.

"ही पयली विहिरीच्या दगडाक गाल लावल्यासारी. गिळल्यार मागे कायच रवना नाय. ही दुसरी गोड, नव्या तांदळाच्या पेजेवर निवळ येता तशी. माशावांगडा पयली बरी. दुसरी नुसती घेवची." मग त्यांनी तिसरा पेला खाली ठेवला. "आणि ही तिसरी... ही प्रवासान आंबली. बोटीत उकडलां असतलां."

मी भीतभीत सांगितलं. थोरल्याने मान हलवली. त्याला ते कळलंच असावं, बाटली उघडली तेव्हाच.

"राग आसा का नाय तां माका कळना नाय," काकू पुढे म्हणाल्या. "माका तसां काय येना नाय. पण हेच्यात तांदूळ बरो घातलेलो आसा. आंबली तरी तां लपना नाय. रागान कोण इतको बरो तांदूळ घालता?"

हे मी सांगितलं तेव्हा धाकट्याने ते लगेच जपानीत केलं नाही. मग सांगितलं. थोरला पाहुणा ऐकत राहिला. मग त्याने ती आंबलेली साके आपल्या पेल्यात ओतली. त्यांच्याकडे स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत हे काकूंच्या कानावर पडलेलं होतं. त्यांनी त्याच्या हातातून बाटली काढून घेतली आणि भाताची वाढणी वाढावी तशी उरलेला पेला त्यांनी भरला. तो एका घोटात प्यायला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्याने पुसलं नाही. मग तो काहीतरी म्हणाला, आणि धाकट्याने ते सांगितलं.

"ते म्हणतायत, ही खरंच फार वाईट लागते."

पहिल्यांदा आबा हसले. मग काकू, मग सगळेच. मॅनेजरांनी मांडी मोडून पाय पसरले. काकू सुरमई आणायला उठल्या, आणि पहिल्या बाटलीतली उरलेली साके माशांबरोबर संपली.

पाहुणे दुसऱ्या दिवशी गेले. पुढे त्यांचं काही कळलं नाही. तिसऱ्या बाटलीत उरलेलं काकूंनी बांगड्याच्या लोणच्यात घातलं, आणि ते लोणचं पावसाळाभर टिकलं.

मॅनेजरांच्या जीपमधून ती गोष्ट बाजारात पोचायला वेळ लागला नाही. त्या वर्षी लग्नांत आबांपुढे कुणी चमचा धरला नाही. आचारी त्यांना बघून दुसरीकडे बघत. हे आबांना लागलं. त्यांनी मांडवात जाणंच सोडलं, संध्याकाळी बंदरावर जाणंही सोडलं. झोपाळ्यावर बसून राहत. एकदा मी बाजारातून त्यांच्याबरोबर परत येत होते, तेव्हा दुकानाच्या फळीवरून एक जण ओरडला, "काय आबा, आज कोण रागावलो आसा?" आबा थांबले. म्हणाले, "मी, बाबा." आणि चालायला लागले. त्यांच्या आवाजात राग मात्र नव्हता. तो माणूस पुढे येऊन आमच्याबरोबर घरापर्यंत आला, उगीचच, नारळाचा भाव बोलत.

आणि घरात एक फरक झाला. काकू आबांबरोबर जेवायला बसू लागल्या.

हे कसं सुरू झालं ते मी पाहिलं नाही. मी शाळेतून आले तर माजघरात दोन पाट शेजारी शेजारी मांडलेले होते. त्या काळी त्या घरांत बायको नवऱ्याच्या मागून जेवे, बहुतेक त्याच्याच पानावर. शेजारच्या बायका दारातून डोकावून गेल्या. एकीने विचारलंच. काकू म्हणाल्या, "माका वेळेर भूक लागता, काय करू?" पण कारण वेगळं होतं. पहिला घास काकू घेत. मग सांगत. आबा ते ऐकून आपला घास घेत.

सुरुवातीला काकूंना जमत नसे. "बरां झालां" एवढंच म्हणत. आबा डावा हात वर करून म्हणत, "बरां म्हणजे कसां?" काकू चिडत, "मीठ आसा, तिखट आसा, अजून काय सांगू?" मग हळूहळू त्यांना सापडायला लागलं. एकदा फणसाच्या भाजीचा घास सावकाश चावून त्या म्हणाल्या, "माहेरच्या मागल्या दाराक सकाळचां ऊन येयचां, तसां." आबा घास तोंडात धरून बसून राहिले. ते इतका वेळ चावत नव्हते की मलाच काळजी वाटली. आबांची वाक्यं ऐकणाऱ्याला चकित करणारी असत. काकूंची तशी नव्हती. ती त्यांच्याच कुठल्या तरी दिवसातून आलेली असत. आबांना ते दिवस ठाऊक नव्हते. इतकी वर्षं संसार करून ते आता एकेका घासाबरोबर बायकोचं लहानपण ऐकत होते.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं आणि मी वेंगुर्ल्याची नोकरी सोडली. निघायच्या दिवशी काकूंनी माझ्यासाठी शेवयांची खीर केली. सकाळपासून त्या माझी पिशवी भरत होत्या, आमसुलं, काजू, कुळथाचं पीठ, आणि त्या नादात खीर चुलीवर राहिली. एस.टी. सुटायला अजून वेळ होता, आम्ही तिघं पानावर बसलो. मी पहिला चमचा घेतला आणि मला कळलं. काकूंनी आपला चमचा तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"करपली गो," त्या म्हणाल्या. "आजच करपूक होयी होती."

आबा त्यांच्याकडे वळून बसले. "करपली? कशी लागता ती?"

"करपली ती करपली. वायट लागता."

"तां नको. करपल्याचां तू माका कदी सांगूक नाय. सांग."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी चमचा हातात धरून थांबले होते. त्यांनी आणखी थोडी खीर घेतली. भिंतीवरच्या सावल्यांकडे बघत त्या ती जिभेवर घोळवत राहिल्या. बाहेर माझी ट्रंक न्यायला बोलावलेला गडी अंगणात उभा होता, आणि तोही बिचारा थांबला.

"पयलां कडू," काकू म्हणाल्या. "नाय, कडू नाय." मग त्या हसल्या. "आमची आवस चुलीफुडे बसल्या बसल्या निजायची. दिवसभर दमायची ना. भात लागायचो, आणि त्या वासान ती दचकान उठायची. आपणच हसायची आणि आमका सगळ्यांका हाकारायची, येवा रे, आज खरपूस केल्लंय. आमी पोरां गोळा जायचो. तेवां लागायचां, तसां."

आबांनी आपली वाटी पुढे केली.

"वाढ," म्हणाले.